'काही निघाले नाही' या निदानाविषयी

वैद्यकीय तपासणीतून हाती येऊ शकणाऱ्या सर्व निष्कर्षांमध्ये 'काही निघाले नाही' हा निष्कर्ष शास्त्राच्या दृष्टीने सर्वांत शुभ असला, तरी ज्याच्याविषयी तो काढला जातो त्या माणसाला तो सहसा मानवत नाही. छातीच्या डाव्या बाजूला महिनाभर चमक मारत असलेला गृहस्थ ईसीजी, टू-डी एको आणि पट्ट्यावर चालवून घेतली जाणारी स्ट्रेस टेस्ट असे तिन्ही सोपस्कार आटोपून बाहेर येतो, तेव्हा हृदयरोगतज्ज्ञाच्या तोंडचे 'एकदम नॉर्मल' हे शब्द ऐकून त्याच्या चेहऱ्यावर प्रथम सुटकेचा आणि दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत अपमानाचा भाव उमटतो. हृदय ठणठणीत असेल तर चमक कशाची, हा त्याचा प्रश्न तर्काला धरूनच असतो. परंतु त्यावर मिळालेले 'गॅसेस असतील' हे उत्तर त्याला बिलाच्या आकड्याशी अजिबात जुळणारे वाटत नाही, कारण हेच निदान त्याच्या सासूबाईंनी तपासणीच्या कितीतरी आधी, नाडीलाही हात न लावता आणि विनामूल्य, केलेले असते.

मराठी मध्यमवर्गात नाव असलेल्या आजाराला जे सामाजिक स्थान आहे, ते लक्षात घेतल्याशिवाय या अपमानाची खोली कळत नाही. मधुमेह्यासाठी कार्यघरातही बिनसाखरेचा चहा वेगळा करून आणला जातो, मणक्याची चकती सरकलेल्याला सत्यनारायणाच्या पूजेला सतरंजीऐवजी खुर्ची मिळते आणि बायपास झालेले काका घरात असतील तर वाटणीवरून चाललेले भांडणसुद्धा खालच्या पट्टीत होते. ज्याच्या त्रासाला नाव नाही, त्याच्या वाट्याला यातले काहीही येत नाही; त्याला मिळतो तो फक्त सल्ला. ओवा चावून खा, बी-ट्वेल्व्ह करून घे, रात्री मोबाइल लांब ठेव, एकदा दृष्ट काढ, आमच्या ओळखीत एक आहेत त्यांच्याकडे जा, असे परस्परांशी काडीचाही संबंध नसलेले उपाय त्याला एकाच बैठकीत ऐकावे लागतात आणि त्या सर्वांच्या आधी, विकार टाळूचा असो की तळपायाचा, 'पोट साफ होतं का?' या प्रश्नाला चारचौघांत उत्तर द्यावे लागते. अशा परिस्थितीत माणसाला एखादे बऱ्यापैकी नाव असलेले दुखणे हवेसे वाटू लागले, तर त्यात अस्वाभाविक असे काही नाही.

या हव्यासाची दुसरी बाजू म्हणजे भीती, आणि शास्त्राने अभ्यासली आहे ती मुख्यतः ही बाजू. आपल्याला गंभीर आजार झाला आहे किंवा होणार आहे, या शंकेने मन सतत व्यापलेले असणे आणि तपासण्यांनी ती शंका न फिटणे, या अवस्थेला आरोग्यचिंता म्हणतात. जुन्या पुस्तकांत तिला हायपोकॉन्ड्रिया असे नाव होते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढताना हे जुने नाव रद्द केले आणि त्याच्या जागी दोन नावे आणली: ज्याला प्रत्यक्ष शारीरिक त्रास जाणवतो आणि त्या त्रासाचीच अवास्तव धास्ती वाटते तो एक, आणि ज्याला त्रास नगण्य पण रोगाची धास्ती मात्र सहा महिन्यांहून अधिक काळ वाटते तो दुसरा. म्हणजे ज्या माणसाची सारी तक्रार आपल्याला नाव मिळत नाही अशी होती, त्याला शास्त्राने दोन नावे देऊ केली. त्याने मात्र दोन्ही नाकारली, हे ओघानेच आले. कारण त्याला हवे असलेले नाव पोटाच्या किंवा मेंदूच्या डॉक्टरकडून हवे असते, मनाच्या डॉक्टरकडून नव्हे.

येथे डॉक्टरांची बाजूही मांडली पाहिजे. अंगात कसर वाटणे, कणकण असणे, डोके जड होणे, पाठीत उसण भरणे, हातापायांना मुंग्या येणे, जीव घाबराघुबरा होणे आणि या सर्वांवर कडी करणारे 'कसंतरीच होतंय', या तक्रारींपैकी एकीचेही मोजमाप करणारे यंत्र अद्याप कोणी काढलेले नाही. छातीत दुखणे, थकवा, चक्कर, डोकेदुखी, पाठदुखी, सूज, निद्रानाश, बधिरपणा अशा १४ सर्वसामान्य लक्षणांचा मागोवा घेणारा एक अभ्यास अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झाला. बाह्यरुग्ण विभागातील १००० रुग्णांच्या नोंदी त्यासाठी तीन वर्षांच्या काळापुरत्या तपासल्या गेल्या, आणि या तक्रारींपैकी अवघ्या १६ टक्के तक्रारींच्या मुळाशी शरीरातला दाखवता येण्याजोगा बिघाड सापडला. उरलेल्या ८४ टक्के तक्रारी खोट्या होत्या असा याचा अर्थ नाही. दुखत होते ते दुखतच होते, फक्त त्याचे कारण कागदावर येत नव्हते. कारण न सापडणे हा वैद्यकाचा अपवाद नसून रोजचा व्यवहार आहे, ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्या पाच वर्षांत कळते आणि रुग्णांना कोणी सांगत नाही. तिच्याऐवजी 'व्हायरल आहे', 'ॲसिडिटी आहे', 'वयोमानानुसार आहे' आणि रुग्ण तरुण असल्यास 'स्ट्रेस आहे' अशी चार उत्तरे योजलेली असतात. पदव्या जास्त असलेले डॉक्टर अशा वेळी 'इडिओपॅथिक' म्हणतात, ज्याचा अर्थ कारण माहीत नसलेला असा आहे. पण तो शब्द ऐकलेला रुग्ण घरी जाऊन मोठ्या समाधानाने सांगतो की, अखेर निदान झाले.

रोगांची यादी वाचता वाचता त्यात स्वतःला शोधण्याची खोड आजची नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकातील सहाव्या समासात आध्यात्मिक तापाचे, म्हणजे आपल्याच देह, इंद्रिये आणि प्राण यांच्या योगाने भोगाव्या लागणाऱ्या दुःखाचे, निरूपण करताना व्याधींची जी लांबलचक जंत्री दिली आहे, ती वैराग्य उत्पन्न व्हावे म्हणून दिलेली असली, तरी ती वाचताना हात नकळत मानेकडे, मग काखेकडे आणि मग पोटाकडे गेला नाही असा वाचक विरळा. इंग्रज विनोदकार जेरोम के. जेरोम याच्या १८८९ साली आलेल्या 'थ्री मेन इन अ बोट' या पुस्तकाचा नायक ब्रिटिश म्युझियममध्ये बसून रोगांचे पुस्तक चाळतो आणि एक सोडून सगळे रोग आपल्याला आहेत अशी त्याची खात्री पटते. जो एक नसतो तो गुडघे टेकून फरशी पुसणाऱ्या मोलकरणींना होणारा गुडघ्याचा विकार, आणि तोच तेवढा आपल्याला का वगळून गेला याचे त्याला वैषम्य वाटते. जेरोमच्या नायकाला त्यासाठी निदान म्युझियमपर्यंत चालत जावे लागले होते. आजच्या चिंतातुराला उशीवरून मानही उचलावी लागत नाही, आणि त्याच्या शोधाची वेळही रात्री दीडच्या सुमाराची असते, ज्या वेळी सर्व डॉक्टर झोपलेले आणि सर्व रोग जागे असतात. इंटरनेटवर लक्षणे शोधून वाढवलेल्या या धास्तीला सायबरकॉन्ड्रिया असे नाव मिळालेले आहे. तिची यंत्रणा अगदी साधी आहे: डोकेदुखीची शेकडो कारणे फुटकळ असतात आणि एखादेच भयंकर असते, परंतु फुटकळ कारणांवर कोणी लेख लिहीत नाही आणि लिहिलाच तर कोणी वाचत नाही, त्यामुळे वाचनात मेंदूतल्या गाठीचे प्रमाण कवटीतल्यापेक्षा कितीतरी अधिक भरते.

अत्र्यांच्या 'कवडीचुंबक'मुळे मराठी प्रेक्षकाला ज्याच्या कंजुषाची ओळख आहे, त्या मोलिएरने याच विषयावर आपले शेवटचे नाटक लिहिले. त्याचा नायक आर्गां पडदा उघडतो तेव्हा औषधविक्याची बिले समोर घेऊन या महिन्यात किती औषधे आणि किती बस्ती झाल्या याची बेरीज करत बसलेला असतो, आणि गेल्या महिन्यापेक्षा त्या कमी भरल्यामुळेच आपली प्रकृती उतरली असा हिशेब लावतो. मुलीचे लग्न डॉक्टरशीच व्हावे असा त्याचा आग्रह असतो, कारण मग घरात कायमचा डॉक्टर येईल. पुण्या-मुंबईच्या वधूपित्यांना या आग्रहात विनोद काय आहे हे कदाचित समजावून सांगावे लागेल. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी, या नाटकाच्या चौथ्या प्रयोगात, आर्गांची भूमिका करत असलेल्या मोलिएरला रंगमंचावरच झटका आला आणि त्याच रात्री तो गेला. खोट्या रोग्याचे सोंग घेतलेला माणूस खराच आजारी होता, आणि प्रेक्षकांना तो उत्तम अभिनय वाटला असण्याचा संभव आहे. आरोग्यचिंतेवर विनोद करणाऱ्या कोणीही ही तारीख मनाशी ठेवलेली बरी.

मोलिएरच्या काळी रोगी स्वतःच्या कल्पनेवर अवलंबून होता. आज त्याच्या मदतीला पॅथॉलॉजी लॅब आहे. सवलतीच्या दरात साठ-सत्तर चाचण्या करून देणारे फुल बॉडी चेकअप हे सध्याचे सर्वांत लोकप्रिय व्रत असून त्याचा विधीही व्रतासारखाच आहे: आदल्या रात्रीपासून उपास, सकाळी सात वाजता दारात येणारा पाठीवर सॅक आणि हातात बर्फाची पेटी घेतलेला मुलगा, तीन रंगांच्या बुचांच्या नळ्या, दंडाला आवळलेली पट्टी, 'मूठ वळा', आणि मग फोडणीच्या पोह्यांनी पारणे. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते. तिच्यात मर्यादेच्या बाहेर गेलेला प्रत्येक आकडा ठळक अक्षरांत छापलेला असून त्याच्या शेजारी 'एच' किंवा 'एल' असे, म्हणजे जास्त किंवा कमी असे, अक्षर असते. आरडीडब्ल्यू, म्हणजे तांबड्या पेशींच्या आकारात परस्परांत किती तफावत आहे ते दाखवणारा आकडा, १४.० च्या आत असावा असे छापलेले असताना तो १४.२ निघाला, की सकाळपर्यंत ज्याला या तीन अक्षरांचा गंधही नव्हता तो गृहस्थ रात्री जेवणावरून अर्ध्यात उठतो. हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, यकृताची एन्झाइम्स, थायरॉइड हे सारे उत्तम असल्याचे बायको दाखवून देते. पण पीडीएफच्या चौदा पानांतील निरोगी मजकूर त्याच्या दृष्टीने केवळ प्रस्तावना असतो.

या ठळक अक्षरांमागचे गणित लॅबवाल्याने सांगितले, तर त्याच्या धंद्यावर परिणाम होईल. कोणत्याही चाचणीची संदर्भमर्यादा ठरवताना सामान्यतः निरोगी माणसांच्या मोठ्या गटाची मोजमापे घेतात आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जेवढ्या पट्ट्यात येतात तेवढा पट्टा 'नॉर्मल' म्हणून छापतात. दोन्ही टोकांचे मिळून ५ टक्के लोक पूर्ण निरोगी असूनही, केवळ व्याख्येमुळे, पट्ट्याबाहेर पडतात. चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे धरले, तर एका ठणठणीत माणसाच्या वीसच्या वीस चाचण्या पट्ट्यात येण्याची शक्यता ३६ टक्के भरते आणि साठ चाचण्या केल्यास ती ५ टक्क्यांच्याही खाली जाते. प्रत्यक्षात बऱ्याच चाचण्या परस्परांशी निगडित असल्यामुळे चित्र इतके टोकाचे नसते, पण मुद्दा बदलत नाही: पुरेशा चाचण्या केल्या तर एखादे 'एच' पदरी पडल्यावाचून राहत नाही. सवलतीच्या पाकिटात जितक्या अधिक चाचण्या, तितके ते स्वस्त अशी ग्राहकाची समजूत असते, आणि मिळणाऱ्या काळज्यांची संख्या लक्षात घेता ती बरोबरही आहे.

क्ष-किरण, सोनोग्राफी आणि एमआरआय यांच्या अहवालांची तऱ्हा थोडी निराळी आहे. त्यांत आकड्यांपेक्षा गद्य अधिक असते, आणि त्या गद्याचा शेवट जवळजवळ नेहमीच 'क्लिनिकली कोरिलेट करावे' या विनंतीने होतो. म्हणजे चित्रात जे दिसले त्याचा रुग्णाच्या त्रासाशी काही संबंध आहे की नाही, हे ज्याने रुग्णाला हात लावून तपासले आहे त्याने ठरवावे. रेडिओलॉजिस्टच्या बाजूने हा प्रामाणिकपणा आहे. परंतु हे वाक्य प्रथम वाचतो तो रुग्ण, आणि तो आपल्या परीने कोरिलेट करू लागतो. लक्षणे नसलेल्या लोकांच्या मणक्यांच्या चित्रांवर झालेल्या अनेक अभ्यासांचा २०१५ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा असे आढळले की, पाठ कधीही न दुखलेल्या विशीतल्या माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्यांपैकी ९६ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या दिसतात. चाळिशीत पांढरे झालेले केस पाहून कोणी अतिदक्षता विभाग गाठत नाही, पण 'एल-फोर एल-फाइव्ह'ची झीज मात्र पाहुण्यांना खिडकीच्या उजेडात फिल्म धरून दाखवली जाते. भलत्याच कारणासाठी काढलेल्या चित्रात योगायोगाने सापडलेल्या अशा निरुपद्रवी वस्तूंना इंग्रजी वैद्यकीय लेखनात थट्टेने 'इन्सिडेंटलोमा', म्हणजे अपघाताने सापडलेली गाठ, म्हणतात. महाराष्ट्रात या वर्गात मूत्रपिंडावरच्या साध्या पाणथळ गाठी येतात. ग्रेड वन फॅटी लिव्हरला मात्र या वर्गात बसवणे अन्यायाचे ठरेल, कारण ते वजन कमी करण्याची खरीखुरी सूचना असते. तथापि सोनोग्राफी केलेल्या चाळिशीपुढच्या मित्रमंडळात ते इतक्यांना निघते की, त्याच्यावरून पार्टीत कोणी खुर्ची देत नाही.

चिंतातुराचे घरही बघण्यासारखे असते. कोरोनाच्या साथीत घेतलेला ऑक्सिमीटर तेथे अजून उशाशी असतो आणि ९७ च्या जागी ९६ आले तर बोट पुसून, हात बदलून, खिडकी उघडून पुन्हा लावला जातो. रक्तदाबाचे यंत्र लागोपाठ पाच वेळा चालवतात आणि पाच आकड्यांतला सर्वांत वाईट तो खरा मानतात. मनगटावरचे घड्याळ झोपेचेही गुण देते, आणि ते कमी पडले तर रात्री गाढ झोपलेला माणूस सकाळी उठून दमतो. शरीरातल्या बारीकसारीक हालचालींकडे असे कान लावून बसले की त्या मोठ्या ऐकू येऊ लागतात. या प्रक्रियेला संवेदनांचे वर्धन म्हणतात आणि तिला कल्पना म्हणून झटकून टाकणे बरोबर नाही. घशात काही अडकले आहे का हे पाहण्यासाठी वारंवार कोरडा आवंढा गिळला तर घसा खरोखरच आवळल्यासारखा होतो, आणि मानेतली मुळात न दुखणारी गाठ वाढली की काय हे पाहण्यासाठी दिवसातून वीस वेळा दाबली तर संध्याकाळी ती दुखते. रुग्ण म्हणतो, आता तर दुखायलाही लागली. औषधाच्या खोक्यातल्या आठ घड्यांच्या कागदाचे तेच. औषध बाधेल या अपेक्षेनेच होणाऱ्या बाधेला नोसिबो म्हणतात, आणि तिचे सामर्थ्य २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश प्रयोगात दिसले. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या बाधतात म्हणून सोडून दिलेल्या साठ लोकांना काही महिने खऱ्या गोळ्या, काही महिने औषध नसलेल्या नकली गोळ्या आणि काही महिने काहीच नाही, असे देऊन पाहिले, तेव्हा खऱ्या गोळीने झालेल्या त्रासाच्या ९० टक्के त्रास नकली गोळीनेही झाल्याचे आढळले.

मग हा चिंतातुर मोठ्या डॉक्टरांच्या मालिकेत शिरतो. पूर्वीच्या घरगुती डॉक्टरांना सगळे शरीर माहीत होते, आता प्रत्येक तज्ज्ञाला त्यातला एकेक मोहल्ला सोपवलेला आहे, आणि आपल्या हद्दीत गुन्हा घडलेला नाही एवढे पाहून तो 'आमच्याकडून क्लिअर' असा शेरा देतो. हृदयवाला पोटवाल्याकडे, पोटवाला दुर्बीण घालून मेंदूवाल्याकडे आणि मेंदूवाला हातोडीने गुडघे ठोकून कानवाल्याकडे पाठवतो. फाइल जाड होत जाते आणि तिच्यासाठी साड्यांच्या दुकानातून मिळालेली कापडी पिशवी वेगळी काढून ठेवली जाते. सर्वांत शेवटी कोणीतरी हळूच मनोविकारतज्ज्ञाचे नाव काढतो, आणि त्यावर 'म्हणजे मला वेड लागलंय असं म्हणायचंय का तुम्हाला?' हा प्रश्न इतक्या ठामपणे येतो की, विचारणाऱ्याच्या मानसिक बळाविषयी शंका उरू नये.

तरीही सर्व दोष रुग्णाच्या पदरात टाकता येत नाही. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा विकार, असलेल्या स्त्रियांना निदान होईपर्यंत वर्षानुवर्षे 'पाळीत एवढं दुखतंच' आणि 'लग्न झालं की थांबेल' अशी उत्तरे मिळालेली असतात. पोटावर हात न ठेवता 'मनाचे आहे' म्हणणारा डॉक्टर निदान करत नसतो, पुढचा रुग्ण बोलावत असतो. आणि जेथे खरोखर मनाचे असते, तेथेही ते हसण्यावारी नेण्याजोगे नसते. स्वीडनमधील नोंदींवर आधारलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हायपोकॉन्ड्रियाचे निदान झालेल्या लोकांचे मृत्यूच्या वेळचे सरासरी वय इतरांपेक्षा सुमारे पाच वर्षांनी कमी भरले. हा आकडा चिंतातुरांच्या हाती लागणार नाही अशी व्यवस्था करणे मात्र कठीण आहे, कारण असे अभ्यास मुळापासून वाचणारे तेच असतात.

उपाय उपलब्ध आहेत आणि ते कंटाळवाणे आहेत. गंभीर रोगाची शक्यता मुळातच कमी असताना केलेल्या तपासण्यांनी रुग्णाची काळजी टिकाऊ स्वरूपात कमी होत नाही, हे २०१३ साली झालेल्या एका व्यापक आढाव्यात दिसून आले. चिंतेचे विचार आणि त्यांतून येणाऱ्या तपासून पाहण्याच्या सवयी टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या उपचारपद्धतीचा, म्हणजे सीबीटीचा, उपयोग त्याहून चांगला होतो. आणखी एक साधी शिफारस अशी की, अशा रुग्णाला डॉक्टरांनी लक्षण उद्भवेल तेव्हा न बोलावता ठरावीक तारखांना बोलवावे, दर वेळी थोडक्यात पण हात लावून तपासावे आणि मधल्या काळात नवे काही तपासू नये, म्हणजे डॉक्टरांची भेट मिळवण्यासाठी नवे लक्षण काढण्याची गरज राहत नाही.

ही शिफारस वाचताना गिरगावात किंवा सदाशिव पेठेत वाढलेल्या पिढीला लाकडी अर्धदाराआडचा कंपाउंडर आठवल्याशिवाय राहणार नाही. त्या दवाखान्यात बाटली घरून धुऊन न्यावी लागे. डॉक्टर जीभ बाहेर काढायला सांगत, पापणी खाली ओढून पाहत, पोटावर दोन बोटे ठेवून दुसऱ्या हाताने टकटक करत आणि कागदावर न वाचता येणारी एक ओळ लिहीत. कंपाउंडर मोठ्या बरणीतून लालसर मिक्श्चर ओतून बाटलीवर डोसांच्या खुणांसाठी कडेने कातरलेली कागदाची पट्टी खळीने चिकटवी. रोगाचे नाव कोणी विचारत नसे, विचारले तर 'वारं फिरतंय सध्या' एवढेच कळे. विचारले जाई ते पथ्य, आणि आंबट-तेलकट बंद झाले की उपचार सुरू झाल्याची खात्री पटे. त्या लाल पाण्यात औषध किती आणि गोडवा किती हा प्रश्न अप्रस्तुत नाही, आणि त्याच बाटल्यांच्या भरवशावर काही खरे रोग वाढत राहिले हेही नाकारता येणार नाही. परंतु त्या पट्टीला बरोबर तीन दिवसांचे दात असत. 'संपलं की दाखवा' या वाक्याने डॉक्टर आपले अज्ञान तीन दिवसांपुरते उघड मान्य करत, त्याला मुदत घालून देत आणि मधल्या काळात करायला काहीतरी देत. बहुतेक दुखणी या तीन दिवसांत आपली आपण जात आणि न गेलेली चौथ्या दिवशी डॉक्टरांच्या नजरेखाली येत. आजच्या वैद्यकात याला 'वॉचफुल वेटिंग', म्हणजे लक्ष ठेवून थांबणे, म्हणतात, आणि ते रुग्णाला पटवून देण्यासाठी डॉक्टरांना प्रशिक्षण द्यावे लागते. लॅबची पीडीएफ दशांश चिन्हापर्यंत नेमकी असते, मात्र तिच्यातल्या काळजीला कोणतीही मुदत छापलेली नसते.

चिंतातुराच्या आयुष्यात 'मला काही नाही' असे त्याने म्हणावे म्हणून दुसरा माणूस गळ घालतो, असा प्रसंग एकदाच येतो, आणि तो म्हणजे आरोग्यविम्याचा फॉर्म भरण्याचा. त्यात पूर्वीपासून असलेल्या आजारांची माहिती विचारलेली असते, कारण अशा आजारांवरच्या खर्चाची भरपाई सुरुवातीची काही वर्षे नाकारण्याची मुभा कंपनीला असते. विमा नियामकाने २०२४ साली या प्रतीक्षाकाळाची कमाल मर्यादा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली आहे. विमा एजंट समोर बसून सांगतो की, ज्याचे निदान झाले आहे तेवढेच लिहायचे, उसण, धडधड आणि कसंतरी होणे यांसाठी रकाना नाही. वर्षानुवर्षे एकही नाव न मिळाल्याचे इतके थेट प्रमाणपत्र हातात आल्यावर या माणसाने आनंदाने सही करून मोकळे व्हावे अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात तो कापडी पिशवी मागवतो, चष्मा पुसतो, आरडीडब्ल्यूचे पान वर काढतो आणि फॉर्मला स्वतंत्र कागद जोडला तर चालेल का, असे एजंटला विचारतो.